एर कारमिशचा शेवट

४ सप्टेंबर १९४२, फ्रुन्झे

आता हवी आहे यांना! आता!

सकाळी संचालकांनी सगळ्या विभागाला बोलावलं. वरून हुकूम आलाय. आघाडीवरच्या पोरांना स्फुरण चढेल अशा जुन्या वीरगाथा छापायच्या. पहिली कुठली? 'एर कारमिश', वीर कारमिशची गाथा. नाव घेताना जीभ अडखळलीसुद्धा नाही त्यांची. सदतीस साली याच खोलीत, याच टेबलामागे उभे राहून म्हणाले होते — सरंजामी विष! खानांची थुंकी!

"उलजान, तुम्ही बोरोएवच्या हाताखाली होता. तुम्हाला काही आठवत असेल."

आठवतं की. इशेनाली बोरोएवांना, आमच्या बाइकेंना, थोरल्या भावाला, कचेरीतून नेलं, तेव्हा त्यांची टोपी खुंटीवरच राहिली ते आठवतं. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं डोंगर तुडवून उतरवून घेतलेली गाथा मागच्या अंगणात जाळली, ते आठवतं. राख उडून शेजारणीच्या ओल्या चादरींवर बसली आणि ती ओरडत बाहेर आली, तेही आठवतं. तोंडाने म्हणाले, "थोडंफार."

"थोडंफार चालणार नाही. ज्याच्या तोंडून उतरवली तो जोमोक्चू कुठे आहे?"

मला काय ठाऊक! बाइकेंना नेल्यावर तो गाथा गाणारा म्हातारा तुलेबेर्दी गायबच झाला. शहाणा म्हणायचा. कुणी म्हणतं नारिनच्या वर आहे, कुणी म्हणतं मेला.

शोधून आणा म्हणाले. जणू मी शेळी हरवलीय.

५ सप्टेंबर

बरोबर कोण येणार ते आज कळलं. सापार मामिरोव.

मी जाणार नाही.

६ सप्टेंबर

जाणार आहे. मी गेले नाही तर तो एकटा जाईल, आणि मग त्या गाथेचं काय होईल देव जाणे.

संध्याकाळी बाइकेंच्या पत्नी कालिचा एजेंकडे — एजे म्हणजे थोरली ताई — जाऊन आले. बाइकेंना नेल्यावर त्यांचं घर काढून घेतलं, आता इस्पितळात फरशा पुसतात. हात सोललेत. सांगितलं कुणाबरोबर जातेय ते. पिळलेलं फडकं पुन्हा पिळत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याला माझ्या हातच्या तळलेल्या बोर्सोक फार आवडायच्या. ताटातल्या संपल्या की इशेनालीच्या ताटातल्या उचलायचा."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इथे लिहून ठेवते, म्हणजे रस्त्यात विसर पडणार नाही. मामिरोव हा बाइकेंचा लाडका विद्यार्थी. मुलासारखा! सदतीसच्या सभेत पहिला तोच उठला. म्हणाला, बोरोएव जनतेच्या नावावर खानांचे गोडवे गातो, मी साक्षीला आहे. आम्ही बाकीचे मूग गिळून बसलो. चौथ्या दिवशी बाइकेंना नेलं. पत्र लिहायची परवानगी नाही, एवढंच कालिचा एजेंना कळलं. आज हा मामिरोव गाथा विभागाचा संपादक. वाण्याच्या तराजूसारखा गंभीर चेहरा करून बसतो.

१४ सप्टेंबर, कोच्कोर

मालमोटारीतून हाडं खिळखिळी झाली. तिसरे आमचे प्रोफेसर झिमिन, लेनिनग्राडचे. वेढ्यातून निघून इकडे आले तेव्हा म्हणे अशक्तपणामुळे आगगाडीतून उचलून उतरवलं होतं. बायको तिथेच गेली. सगळ्या जगातल्या वीरगाथा या माणसाला ठाऊक, आणि आमची किर्गीझ भाषाही शिकलेत — पण शिकलेत ती जुन्या गाथांमधून! चहा मागायचा तर म्हणतात, "हे सुंदरी, तृषार्त योद्ध्यास पेय दे." खानावळीतली बाई आधी घाबरली, मग हसून हसून तिच्या हातचा समोवार कलंडायची वेळ आली.

मीही हसले. मामिरोव पण हसला. त्याला हसताना बघून माझं हसू तिथेच संपलं.

१९ सप्टेंबर

ओढ्याला पाणी फार. घोडे पुढे जाईनात. मामिरोवने बूट काढले, प्रोफेसरांना पाठुंगळीला घेतलं आणि कमरेएवढ्या बर्फाच्या पाण्यातून पलीकडे नेलं. परत येऊन माझी पडशी नेली. ओठ निळे पडले होते. मी आभार मानले नाहीत.

हा चांगलं वागतो तेव्हा जास्त तिडीक जाते डोक्यात.

२४ सप्टेंबर, नारिनच्या वर

गावोगाव एकच उत्तर. "तुलेबेर्दी? असा कुणी नव्हता इथे." एका घरात तर मी विचारायच्या आत म्हणाले, नव्हता! सगळे मिळून खोटं बोलताहेत, आणि मला त्यांचा राग येत नाही. शहरातून कचेरीचे लोक आले की काय होतं हे त्यांनी पाहिलंय.

मामिरोव म्हणतो, "लपवताहेत म्हणजे जिवंत आहे."

बरोबर आहे. हे त्याच्या तोंडून ऐकावं लागलं याचा संताप.

२७ सप्टेंबर

सापडला!! आणि तो शोधला कुणी — प्रोफेसरांनी!

दुपारी एका कुरणापाशी थांबलो. घोड्यांच्या कळपावर एक आडदांड म्हातारा राखणीला, फाटका कोट, दाढी छातीपर्यंत. मी नेहमीचा प्रश्न विचारला, त्याने नेहमीचं उत्तर दिलं. प्रोफेसर मात्र घोड्यावरून उतरले, टोपी काढली, आणि एवढे घोडे बघून आनंदाच्या भरात गाथेतली ओळ म्हणायला लागले. बाइकेंनी कधीतरी एक तुकडा मासिकात छापला होता, त्यातली. "निघाला कारमिश, करड्या घोडीवर मांड ठोकून —"

"घोडी?" म्हातारा गरजला. "घोडी? लढाईला कारमिश घोडीवर जातो? कुठल्या गाढवाने शिकवलं तुला?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हाताऱ्याच्याही लक्षात आलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पळून जायला वाव होता. पण राहवलंच नाही त्याला! छाती फुगवून, हात पसरून पुढची ओळ त्याने अशी सोडली की कळपातले घोडे माना वर करून बघायला लागले.

मला रडू आलं. तो आवाज! बाइके नक्कल करायचे त्या आवाजाची. मामिरोवने म्हाताऱ्याला पूर्वी पाहिलेलं, पण या दाढीमागे त्यालाही तो ओळखू आला नव्हता.

२८ सप्टेंबर

म्हाताऱ्याला गायचंय. सुनेला नाही चालत. सून जानिल, नवरा आघाडीवर, गावच्या सामुदायिक शेतीवर बायकांची कामाची टोळी चालवते. आम्हाला ताल्कानचा वाडगा दिला — भाजलेल्या जवाचं पीठ, पाण्यात कालवलेलं — पण असा आदळला की निम्मं सांडलं.

"मागच्या वेळी पण असेच आलात एजे. गोड गोड बोललात, कागद भरभरून नेलेत. मग दुसरी माणसं आली. सासऱ्यांना मेंढीच्या लोकरीत गुंडाळून गाडीतून पळवलं मी, माहितीये? आता काय हवंय? पुन्हा कशाला?"

"लढाईसाठी —" मामिरोवने सुरुवात केली.

"लढाई! तुम्ही का नाही गेलात लढाईला?"

त्याने मान खाली घातली. बरं झालं. आणखी बोलायला हवं होतं तिने.

२९ सप्टेंबर

आज मी फुटले.

म्हातारा मामिरोवकडे बोट करून हसत म्हणाला, "हा इशेनालीचा पोऱ्या ना? माझ्या सातव्या लढाईला घोरायचा! आणि इशेनाली कुठाय? तो का नाही आला?"

म्हणजे याला ठाऊकच नाही. जानिलने सांगितलंच नसावं. प्रोफेसर खोकायला लागले. मग मीच बोलले. सगळं. जानिल, शेजारपाजारच्या बायका, कुणाची पर्वा केली नाही. "इशेनाली बाइकेंना याने खाल्लं. यानेच! तुमच्या गाथेला विष म्हणाला, भर सभेत. तिचे कागद जाळताना हा खिडकीत उभा होता."

वाटलं होतं म्हातारा चाबूक उचलेल. त्याने खूप वेळ दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मी गाईन."

"काय?" मी म्हटलं.

"पण लिहील हाच. तू नाही पोरी. हाच. विष म्हणाला ना? मग त्याच्याच हाताने उतरवायचं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. हात थांबला की मी थांबलो."

मामिरोव म्हणाला, "लिहीन." एवढंच.

आणि मी? इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली, ते काम त्याला? मी नुसती ऐकायची? म्हाताऱ्याचा न्याय मला पटलेला नाही. अजिबात नाही!

३ ऑक्टोबर

म्हातारा फार आढ्यताखोर आहे. माणसं जमल्याशिवाय तोंड उघडत नाही. मध्येच थांबून विचारतो, "कसं वाटलं?" वाहवा कमी पडली की रुसतो. चरबीचा तुकडा मागतो, नाही म्हटलं की आवाज बसल्याचं सोंग. जानिल म्हणते, "सासऱ्यांचा आवाज फक्त चुलीपाशीच बसतो."

पण गायला लागला की जागेवरून हलवत नाही.

मामिरोवची बोटं सुजलीत. चिंधी बांधून लिहितो.

९ ऑक्टोबर

आज जे झालं त्याने झोप उडणार माझी.

कारमिश नदी ओलांडतो त्या जागी म्हातारा अडला. एकदा गायला, परत मागे गेला, पुन्हा तिथेच अडला. सदतीसपासून गायलेलंच नाही त्याने, विसरणारच. चेहरा एकदम उतरला. सगळे खाली बघायला लागले. आणि मामिरोव — मानही वर न करता, लिहिता लिहिता — हळूच पुढची ओळ बोलला. म्हाताऱ्याने ती उचलली आणि निघाला पुढे.

दुपारनंतर पुन्हा तसंच झालं. पुन्हा याने ओळ दिली.

याला पाठ आहे! बाइकेंबरोबर बसून ऐकलेली, इतकी वर्षं, सगळी याच्या डोक्यात आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओढ्यावर पाणी भरत होता तिथे गाठला.

"तुला पाठ होती. मग इतकी वर्षं का नाही उतरवून ठेवलीस?"

"भीती वाटली."

"सभेत का उठलास?"

"भीती वाटली."

"बाइकेंनी सांगितलं होतं का? त्यांनी म्हटलं होतं का, की तू स्वतःला वाचव —"

"नाही. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली म्हणून मी बोललो. दुसरं कारण नाही उलजान. शोधू नकोस."

कारण असतं तर बरं झालं असतं. एखादं तरी! रागाला धरायला काहीतरी लागतं. हा माणूस सरळ हात वर करून उभा, म्हणतो मार. कुठे मारायचं?

बादली उचलून निघून गेला. पाणी सांडत होतं.

१२ ऑक्टोबर

खिंड बंद होण्याआधी निघायला हवं, डोंगरावर बर्फ उतरतंय. शेवटचा भाग तेवढा राहिलाय.

प्रोफेसर हरखलेत. म्हणतात असा शेवट त्यांनी दुसऱ्या कुठल्याच वीरगाथेत पाहिला नाही. बाइकेंकडून मला ठाऊक आहे तो. कारमिश जिंकत नाही. सगळं सैन्य गमावून एकटा परततो. वेशीवर आया उभ्या असतात. एकेक जण विचारते, माझा कुठे आहे? आणि कारमिशला एकेकीला उत्तर द्यावं लागतं. घोड्यावरून उतरून, डोळ्याला डोळा भिडवून. पळता येत नाही. तेवढंच. मग गाथा संपते.

मामिरोव म्हणाला, "हा शेवट छापता येणार नाही."

मी म्हटलं, "आलास मूळपदावर!"

"येणार नाही म्हणजे — देणार नाहीत छापू. आघाडीवरच्या पोरांच्या हातात हे देतील?"

"मग लिहितोस कशाला?"

"म्हातारा सांगतोय म्हणून."

थुंकावंसं वाटलं.

१५ ऑक्टोबर

बटाटे काढायचं काम थांबवून सगळ्या बायका आल्या. जानिलनेच आणल्या. हातापायांना माती, डोक्याला फडकी. अंगणात बसल्या. काहींच्या घरी काळा कागद आलेला आहे, पोरगा गेल्याचा सैन्याकडून येतो तो. काहींच्या घरी नुसतीच शांतता.

म्हातारा गायला लागला. कारमिश वेशीपाशी आला. आया पुढे आल्या. मी ओळी मोजत नव्हते, पण एका ठिकाणी मान वर केली. हे नाव गाथेत नाही! अल्तिनबेक. गाथेत अल्तिनबेक कुठून आला? कोपऱ्यातल्या बाईने डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडात कोंबलं, तेव्हा कळलं. म्हातारा गावातली नावं घेत होता. प्रत्येक पोराचं. कुठल्या घोड्यावर बसायचा, कसा हसायचा, कुणाशी भांडायचा. कारमिश प्रत्येक आईसमोर उतरत होता आणि सांगत होता.

वाहवा मागायला थांबला नाही आज. एकदाही नाही.

मध्येच प्रोफेसरांकडे वळला. "तुझं कोण?"

प्रोफेसर गडबडले. मग म्हणाले, "वेरा. माझी पत्नी." आणि गाथेतलं नाही, साधं, बाजारातल्यासारखं बोलले. "भुकेने गेली."

म्हाताऱ्याने वेरालाही घेतलं. लढाईत, घोड्यावर! रशियन बाई, आमच्या गाथेत, शिरस्त्राण घालून! कुणी हसलं नाही.

जानिल भिंतीला टेकून उभी होती. तिच्या नवऱ्याचं नाव आलं नाही, तो जिवंत आहे. ती तरी रडत होती. नंतर म्हणाली, "एजे, हे शहरात नेऊन कापू नका."

"नाही कापणार," मी म्हटलं. कुणाच्या भरवशावर?

मामिरोवचा हात थांबला नव्हता. गावातली नावं, वेरा, सगळं उतरवलं होतं त्याने. शेवटच्या ओळीनंतर म्हातारा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "आता तू सांग. इशेनाली कुठाय?"

मामिरोव उठून उभा राहिला. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, "मला माहीत नाही, अक्साकाल. मी त्यांना पकडून दिलं, आणि ते कुठे आहेत मला माहीत नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि घोड्यांकडे गेला. मी माफ केलं नाही. लिहून ठेवते, मी केलेलं नाही.

२ नोव्हेंबर, फ्रुन्झे

पोचलो. प्रोफेसर तापाने फणफणलेत. मामिरोवने कागद स्वतःच्या अंगाला बांधून आणले, छातीभोवती, कोटाच्या आत. एक पानही भिजलं नाही.

२० नोव्हेंबर

व्हायचं तेच झालं. संचालकांनी शेवट वाचला आणि तोंड कडू केलं. "हे काय? रडगाणं? कारमिश जिंकला पाहिजे! शत्रूची राजधानी घेतली पाहिजे. आणि शेवटी आजच्या मोठ्या नेत्याला वंदन, आठ-दहा ओळी. करा तुम्ही, मामिरोव."

"होईल," मामिरोव म्हणाला.

होईल! इतकं सोपं! मी ताडकन उठले. काय काय बोलले आठवत नाही. थडगं उकरून प्रेताला टोपी घालताय, असं काहीतरी म्हणाले. संचालक थंडपणे म्हणाले, "उलजान, तुम्ही दमलाहात. शब्दकोशाच्या कामाला लागा." म्हणजे गाथेवरून काढलं मला.

मामिरोव बाहेर पडताना गाठला. "जानिलने काय सांगितलं होतं तुला आठवतं?"

"आठवतं."

"आणि तरी?"

"उलजान, बाजूला हो. काम आहे."

कानाखाली वाजवली मी त्याच्या. कचेरीच्या जिन्यात, सगळ्यांसमोर. चष्मा पडला. त्याने उचलला, काच पुसली आणि गेला. हात अजून चुणचुणतोय. बरं वाटेल वाटलं होतं. नाही वाटलं.

२९ जानेवारी १९४३

जानिलचं पत्र. तुलेबेर्दी गेले. गारठ्याने छाती भरली. शेवटपर्यंत विचारत होते, पुस्तक आलं का.

८ मार्च

शब्दकोश. 'ओगर' ते 'ओझे'. शेजारच्या खोलीत मामिरोव छपाईची पानं तपासतो, मला आवाज येतो पान उलटल्याचा. दारही लावून घेत नाही निर्लज्ज. मी त्या बाजूला बघत नाही.

प्रोफेसर म्हणतात, "शंभर वर्षांनी कुणीतरी खरा शेवट शोधून काढतो. नेहमी काढतो." मी म्हटलं, कुणाच्या तोंडून? तोंड तर गेलं. माझीच मला लाज वाटली, त्या म्हाताऱ्या माणसाशी तरी नीट बोलावं.

२ एप्रिल

पुस्तक आलं. विकत घेणार नव्हते, हात लावणार नव्हते. शिपायाने टेबलावर टाकून दिलं.

पहिल्या पानावर — तुलेबेर्दी यांनी गायिलेली. खाली — संग्राहक, इशेनाली बोरोएव.

मला वाटलं माझे डोळे फिरले. ते नाव आम्ही मोठ्याने उच्चारतसुद्धा नाही! शेवटचं पान काढलं. राजधानी नाही. नेता नाही. वेस होती, आया होत्या. अल्तिनबेक होता. वेरा होती, शिरस्त्राण घालून.

मामिरोवचं नाव कुठेच नव्हतं. एकदा फक्त मागच्या बाजूला, बारीक अक्षरात — मजकुराची जबाबदारी, सापार मामिरोव.

पुस्तक कोटाखाली घातलं आणि धावतच कालिचा एजेंकडे गेले. इस्पितळाच्या जिन्यावर बसलो दोघी. त्यांनी हात पुसले, परत पुसले, मग त्या नावावर बोट ठेवलं. खूप वेळ ठेवलं. म्हणाल्या, "अक्षर लहान छापलंय." मग — "हे सापारने केलं?"

"हो."

"मरायचंय का त्याला?"

मी पुस्तक मिटलं.

"त्याला म्हणावं, माझ्या घरात येऊ नकोस," कालिचा एजे म्हणाल्या. "पण दारापर्यंत ये. बोर्सोक करीन."

हा निरोप घेऊन धावत परत आले. त्याच्या खोलीचं दार सताड उघडं. टेबलाचे खण ओढून काढलेले, शाईची दौत आडवी, जमिनीवर डाग. शिपाई डाग पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्ताच नेलं."

३ एप्रिल

कळलं. मंजुरीला दाखवला तो मजकूर वेगळा, छापखान्यात दिला तो वेगळा. शेवट त्याने दोनदा लिहिला होता. 'होईल' म्हणाला तो असा झाला. निम्म्या प्रती आघाडीच्या गाडीतून कधीच निघून गेल्या, त्या परत आणायला कोण जाणार!

मला का नाही सांगितलं? मी मारलं त्याला! एक शब्द सांगितला असता तर — तर मीही अडकले असते. म्हणून नाही सांगितलं. हेही मला न विचारताच ठरवलं त्याने! शूर झाला एकटाच! बाइकेंना नेलं तेव्हा कुठे होता हा शूरपणा? तेव्हा हवा होता! तेव्हा!

माफ करायचं की नाही ते ठरवायला तो समोर हवा ना. तेही हिरावून घेतलं.

५ एप्रिल

संचालकांनी बोलावलं. उद्या सभा. मामिरोवने जनतेच्या शत्रूचं नाव छापलं, पराभवाचं गाणं छापलं, विभागाने त्याचा धिक्कार करायचा.

"सुरुवात तुम्ही करा. तुमचं त्याचं वैर सगळ्यांना ठाऊक आहे. जिन्यातलं प्रकरणही. लोकांना पटेल." आणि आवाज मऊ करून, "शब्दकोशातून परत गाथांवर घेऊ तुम्हाला."

हो म्हणाले. तोंडातून 'हो'च निघालं. इतकं सोपं असतं हे — मला माहीत नव्हतं.

६ एप्रिल

पहिलं नाव माझं पुकारलं. उभी राहिले. टेबल धरलं. म्हणाले, "संग्राहकाचं नाव बरोबर आहे. शेवटही बरोबर आहे. मी तिथे होते." बसले.

माझ्या शेजारची बाई उठून मागे गेली. तिच्यापलीकडचाही उठला. मग प्रोफेसर झिमिन काठी टेकत पुढे आले आणि त्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसले.